कॅनडात शिकलं की पीआर (कायमच्या वास्तव्याचा परवाना) आपोआप मिळतो?

"दोन वर्षं तिकडे शीक, पीआर ठरलेलाच," असं आजही कितीतरी घरांत सांगितलं जातं. ते खरं नाही. शिक्षणानंतर मिळतं ते वर्क परमिट, जास्तीत जास्त ३ वर्षांचं आणि एकदाच. पीआरचा एक मार्ग असलेल्या 'कॅनेडियन एक्सपिरियन्स क्लास'साठी कॅनडातल्या कुशल कामाचा किमान १ वर्षाचा, म्हणजे १,५६० तासांचा पगारी अनुभव लागतो. मुलं अडकतात ती इथेच. पूर्णवेळ शिकत असताना केलेली नोकरी त्यात धरत नाहीत. कॉफीच्या दुकानात जागवलेल्या रात्रींनी खर्च भागतो, पण हे तास भरत नाहीत. पात्र ठरल्यावरही पीआरसाठी अर्जदारांमध्ये गुणांची चुरस असतेच. आईबाबांनो, घर गहाण ठेवण्याआधी तो कोर्स या वर्क परमिटसाठी चालतो का, हे कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः बघा.