पोलीस स्मृतिदिन : नागपुरातील पाळणूक व निधिसंकलन

कर्तव्यावर असताना मृत्युमुखी पडलेल्या पोलिसांच्या स्मरणार्थ दरवर्षी 21 ऑक्टोबर रोजी देशभर पाळला जाणारा दिवस. ‘पोलीस हुतात्मा दिन’, ‘पोलीस शहीद दिन’ ही नावेही रूढ आहेत. महाराष्ट्राचा मुख्य कार्यक्रम मुंबईत नायगावच्या पोलीस मैदानावर होतो. नागपुरात शहर पोलिसांची मानवंदना काटोल मार्गाकडील टाकळी परिसरातल्या पोलीस मुख्यालयात दिली जाते. हिंगणा मार्गावरील राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्र. 4 व केंद्रीय राखीव पोलीस दलाचे केंद्र आपापल्या आवारात हा दिवस पाळतात.

उगम : लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे 21 ऑक्टोबर 1959 रोजी घडलेल्या चकमकीशी हा दिवस जोडलेला आहे. आदल्या दिवशी टेहळणीसाठी निघालेल्या तीन तुकड्यांपैकी दोन परतल्या. तिसरी, म्हणजे दोन शिपाई व एक हमाल, परतली नाही. त्यांच्या शोधासाठी गुप्तवार्ता विभागाचे अधिकारी करमसिंग यांच्या नेतृत्वाखाली निघालेल्या पथकावर चिनी सैन्याने टेकडीवरून गोळीबार केला. मृतदेह नोव्हेंबरच्या मध्यात परत मिळाले आणि हॉट स्प्रिंग्ज येथेच इतमामाने अंत्यसंस्कार झाले. जानेवारी 1960 मध्ये पोलीस महानिरीक्षकांच्या वार्षिक परिषदेने 21 ऑक्टोबर हा स्मृतिदिन ठरवला. तेव्हा महाराष्ट्र राज्य अस्तित्वात यायचे होते. नागपूर द्विभाषिक मुंबई राज्यात होते. प्रत्यक्ष पाळणूक त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपासून सुरू झाली असावी.

मृतांच्या संख्येबाबत एकवाक्यता नाही. पोलीस परंपरेत व सरकारी स्मरणपत्रकांत ती दहा आहे. भारत-चीन सीमाप्रश्नावरील काही लेखनात, विशेषतः दोन्ही सरकारांच्या पत्रव्यवहारावर आधारलेल्या मांडणीत, नऊ मृत व दहा कैदी असा हिशोब आढळतो. चकमक संपताच केलेली गणना आणि मृतदेह ताब्यात आल्यानंतरची गणना यांतील हा फरक असणे संभवनीय आहे. स्थळाच्या नावातही असाच भेद दिसतो : राजनैतिक इतिहासात ही घटना ‘कोंगका खिंडीतील चकमक’ म्हणून येते, पोलिसांच्या आठवणीत मात्र ती ‘हॉट स्प्रिंग्ज’चीच आहे. स्मृतिदिन पाळणाऱ्यांची स्वतःची मोजणी दहाची असल्याने या विषयापुरती तीच ग्राह्य धरणे योग्य ठरेल.

कोणाची गणना होते : दरवर्षीची नामावली 1 सप्टेंबर ते 31 ऑगस्ट या काळातील मृत्यूंची असते. नवी दिल्लीच्या चाणक्यपुरीत 21 ऑक्टोबर 2018 रोजी राष्ट्रीय पोलीस स्मारकाचे उद्‌घाटन झाले. त्याच्या शौर्यभिंतीवर त्या वेळी स्वातंत्र्योत्तर काळातील 34,844 नावे होती. 1947 ही सीमारेषा विदर्भाच्या संदर्भात दुर्लक्षिण्याजोगी नाही. ऑगस्ट 1942 मध्ये आष्टी व चिमूर येथील उठावांत आंदोलक मारले गेले, तसेच पोलीसही. त्यांपैकी पहिल्यांची स्मारके उभी राहिली. दुसऱ्यांचा समावेश या परंपरेत होत नाही, आणि ते सकारणही आहे. 1956 पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी असल्याने स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकातील येथील पोलिसांची नावे आजच्या महाराष्ट्राच्या यादीत शोधणे पुरेसे नाही, हेही अभ्यासकाने ध्यानात ठेवावे.

गोळीला बळी पडलेला, नाकाबंदीत वाहनाखाली आलेला आणि बंदोबस्तात हृदयविकाराने गेलेला शिपाई यांना एकाच यादीत स्थान असावे का, हा प्रश्न जुना आहे. कोविड साथीत तो पुन्हा पुढे आला. महाराष्ट्र शासनाने साथीत कर्तव्यावर मृत्यू पावलेल्या पोलिसांच्या कुटुंबांना 50 लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले; यादीपेक्षा मदतीची व्याख्या त्या प्रसंगी अधिक रुंद ठेवली गेली.

नागपूरचे स्थान : शहराच्या हद्दीत झालेल्या मृत्यूंपेक्षा गडचिरोलीतील मृत्यूंमुळे नागपुरातील मानवंदनेला वजन आले. राज्याच्या नक्षलविरोधी अभियानाचे मुख्यालय नागपुरात आहे, त्याचे प्रशिक्षण केंद्र अमरावती मार्गावर सुराबर्डी येथे आहे, आणि चकमकीतील जखमींना हेलिकॉप्टरने उपचारासाठी आणतात तेही नागपुरातच. 2009 हे वर्ष सर्वांत जड गेले : 1 फेब्रुवारीला मरकेगाव येथे 15, मे महिन्यात हत्तीगोटा येथे 16 आणि 8 ऑक्टोबरला लाहेरी येथे 17 पोलीस मारले गेले. लाहेरीची घटना स्मृतिदिनाच्या तेरा दिवस आधीची. मोजणीचे वर्ष 31 ऑगस्टला संपत असल्याने नियमाप्रमाणे ती नावे पुढील वर्षाच्या यादीची. 1 मे 2019 रोजी, महाराष्ट्र दिनीच, कुरखेड्याजवळ जांभुळखेडा येथे भूसुरुंगाच्या स्फोटात 15 पोलीस व त्यांच्या खासगी वाहनाचा चालक मरण पावला. हा चालक पोलीस दलाचा नव्हता, आणि त्यामुळे अशा व्यक्तीचे स्थान नामावलीत नेमके कुठे, हा मुद्दा राहतोच.

26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यात मारले गेलेले हेमंत करकरे नागपूरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाचे (आजची विश्वेश्वरय्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था) 1975 चे यांत्रिकी पदवीधर होते व चंद्रपूरला पोलीस अधीक्षक राहिले होते. त्यांना 2009 मध्ये मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. त्यांचे स्मरण मात्र 21 ऑक्टोबरपेक्षा 26 नोव्हेंबरलाच अधिक होते.

शहराच्या सार्वजनिक जागेत ‘शहीद’ म्हटले की नागपूरकराला पोलीस आठवत नाहीत, गोवारी आठवतात. 23 नोव्हेंबर 1994 रोजी विधानभवनाजवळ गोवारी समाजाच्या मोर्चावरील लाठीमारानंतरच्या चेंगराचेंगरीत 114 गोवारी मृत्युमुखी पडले. त्यांचे स्मारक झिरो माइलजवळ आहे आणि सीताबर्डीचा उड्डाणपूलही त्यांच्या नावाचा आहे. पोलिसांचे स्मारक मुख्यालयाच्या फाटकाआत आहे. एका स्मरणात पोलीस ज्या बाजूला उभे होते, ती बाजू दुसऱ्या स्मरणाला थोडी अवघडवते. त्यावर फारसे लिहिले गेलेले नाही.

विधी : परेड सकाळी असते. तुकड्या स्मारकासमोर उभ्या राहतात, सलामी होते, मग अधिकारी राज्यवार नावे वाचतात. मणिपूर, झारखंड, छत्तीसगड, जम्मू-काश्मीर अशी यादी पुढे सरकते. अनोळखी भाषेतील नावांवर मराठी वाचक अडखळतो, तरी एकही नाव गाळले जात नाही. ‘शोक शस्त्र’ या हुकमावर बंदूक उलटी करून नळी डाव्या बुटाकडे टेकवतात, दोन्ही तळवे दस्त्यावर ठेवतात आणि मान खाली घालतात. या स्थितीत पाय स्थिर आणि बंदूक तोललेली ठेवणे नव्या शिपायाला जड जाते, म्हणून आदल्या दिवशी रंगीत तालीम घेतात. बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ वाजते, मौन पाळले जाते, नंतर मौन संपल्याची ‘राऊज’ ही धून वाजते. त्यानंतर पुष्पचक्रे अर्पण होतात. कुटुंबीयांसाठी पुढच्या रांगेत खुर्च्या असतात.

नागपूरच्या पंचांगात हा दिवस गर्दीत सापडतो. दसऱ्याला दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा सोहळा आणि रेशीमबागेत राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचा विजयादशमी उत्सव असल्याने शहराचे बहुतेक मनुष्यबळ बंदोबस्तात असते. 2015 मध्ये दसरा 22 ऑक्टोबरला, म्हणजे स्मृतिदिनाच्या दुसऱ्याच दिवशी, होता. 2025 मध्ये लक्ष्मीपूजन नेमके 21 ऑक्टोबरला आले.

निधी : नागपुरातील मदतीचा मुख्य मार्ग पोलीस कल्याण निधी हा आहे. कर्मचाऱ्यांची वर्गणी, शासकीय अनुदान आणि पोलीस दल चालवत असलेल्या पेट्रोल पंप, सभागृह यांसारख्या सोयींचे उत्पन्न यांतून असे निधी उभे राहतात. अंत्यविधीसाठी तातडीची रक्कम, मुलांची शिष्यवृत्ती, आजारपणाचे साहाय्य ही त्यांची नेहमीची कामे. मोठ्या दुर्घटनेनंतर एक दिवसाचे वेतन देण्याची प्रथाही आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 नुसार सरकारी कर्मचाऱ्याला पूर्वपरवानगीशिवाय वर्गणी गोळा करता येत नाही. त्यामुळे गणेशोत्सवात मंडळे फिरवतात तसे पावतीपुस्तक घेऊन शिपाई दारोदार जाणे नियमबाह्य ठरते, आणि कोणी तसे आलेच तर पावती मागण्याआधी परवानगी विचारणे बरे. रक्तदान शिबिरे, दौड व संगीत कार्यक्रम हे नागरिकांच्या सहभागाचे प्रकार इतरत्र आहेत तसेच येथेही आहेत.

9 एप्रिल 2017 रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने ‘भारत के वीर’ हे देणगी-संकेतस्थळ सुरू केले. 9 एप्रिल हा केंद्रीय राखीव पोलीस दलाचा शौर्यदिन. 1965 मध्ये याच दिवशी कच्छच्या रणातील सरदार चौकीवर त्या दलाने पाकिस्तानी हल्ला परतवला होता. देणगीदार विशिष्ट जवानाच्या कुटुंबाच्या खात्यात थेट पैसे देऊ शकतो. एका कुटुंबासाठी 15 लाख रुपयांची मर्यादा ठेवण्यात आली. ही सोय केंद्रीय दलांसाठी आहे. हिंगणा मार्गावरील केंद्रातून छत्तीसगडला गेलेला जवान तिच्या कक्षेत येतो, गडचिरोली पोलिसांच्या सी-60 या नक्षलविरोधी पथकातील शिपाई येत नाही. त्याच्यासाठी राज्य शासनाचे साहाय्य व घटकाचा कल्याण निधी हेच आधार आहेत. देणगी देताना नागपुरात हा भेद सहसा लक्षात घेतला जात नाही.