ओढ्याकाठचा वाळुंज

पावसाळ्यात मार्कंडेय नदी पात्राबाहेर पडली की बेळगावजवळच्या कंग्राळीकडची शिवारं पाण्याखाली जातात. भात आठवडाभर बुडून राहिलं तर कुजायला लागतं. काठावर एखादा वाळुंज असेल, तर तो मात्र खोडभर पाण्यातही हिरवाच असतो. लांबट, टोकदार पानं वाऱ्यानं उलटली की त्यांची पांढुरकी मागची बाजू चमकते. ओळखायची सोपी खूण हीच. कानडीत याला नीरवंजी म्हणतात, शास्त्रीय नाव सॅलिक्स टेट्रास्पर्मा.

पुरात झाडं मरतात ती मुळांना हवा न मिळाल्यानं. हवेतल्यापेक्षा पाण्यातून ऑक्सिजन सुमारे 10,000 पट सावकाश पसरतो. जमिनीत उरलासुरला असतो तो सूक्ष्मजीव एक-दोन दिवसांत संपवतात. वाळुंजाच्या मुळांत आणि सालीत मोकळ्या पोकळ्या असतात, त्यांतून वरची हवा खाली झिरपते. शिवाय बुडालेल्या खोडालाच नवी मुळं फुटतात. जुनी गुदमरली तरी झाडाचं अडत नाही.

वाळुंजाचे बहुतेक भाऊबंद थंड मुलखातले. काश्मीरच्या बॅटीचं लाकूड याच कुळातल्या विलोचं. या कुळाच्या सालीतलं सॅलिसिन हे द्रव्य 1828 मध्ये वेगळं केलं गेलं आणि त्याच वाटेनं पुढे 1897 मध्ये अ‍ॅस्पिरिन तयार झालं. पण म्हणून तापात कुणी साल उकळून पिऊ नये. डेंग्यूत तर अ‍ॅस्पिरिनही टाळायला सांगतात.

पुराला न डरणारं हे झाड नाजूक आहे ते बियांच्या बाबतीत. पावसाळा सरला, हिवाळा लागला की लोंबते तुरे येतात, मग फळं उकलून कापसाळ बिया वाऱ्यावर उडतात. बी मोहरीहूनही बारीक. सोबत अन्नाची शिदोरी जवळजवळ नाहीच, त्यामुळे ते काही दिवसांतच निकामी होतं. तेवढ्यात त्याला उघडा, ओला गाळ मिळायला हवा. गवतावर पडलं तर गेलं, कोरड्या बांधावर पडलं तरी गेलं. नदी हळूहळू उतरते तेव्हा काठाला असा गाळाचा पट्टा उघडा पडतो आणि तिथंच रोपं धरतात. पुढेही पाणी फार झपाट्यानं खाली गेलं, तर कोवळी मुळं त्याला गाठू शकत नाहीत.

म्हणजे नुसतं मुबलक पाणी असून भागत नाही, ते वेळेवर चढायला आणि उतरायला हवं. कणकुंबीला उगम पावणाऱ्या मलप्रभा नदीच्या वरच्या ओढ्यांत हे चढणं-उतरणं अजून बऱ्यापैकी टिकून आहे. खाली मात्र कुठं बंधारा, कुठं वाळूउपसा, कुठं दगडी भिंत, आणि ऊस तर थेट काठापर्यंत. ‘नदी सुशोभीकरण’ म्हणून काठ बांधून काढतात, तेव्हा या गाळाच्या पट्ट्यावरच सिमेंट पडतं. जुनी झाडं उभी असतात म्हणून नवी रोपं धरत नाहीत हे कुणाच्या लक्षातही येत नाही. काठ धरून ठेवायचं काम मात्र याच झाडाची मुळं करतात. लेपर्ड नावाच्या केशरी, काळ्या ठिपक्यांच्या फुलपाखराच्या अळ्याही याच्या पानांवर वाढतात.

सुदैवानं फांदी लावली तरी वाळुंज जगतो. अंगठ्याएवढी जाड, हातभर लांबीची फांदी घ्यावी, डोळे, म्हणजे अंकुर फुटायच्या जागा, वरच्या दिशेला ठेवून निम्म्याहून जास्त ओल्या मातीत खोचावी. पूर ओसरल्यावर लावलेली बरी, नाहीतर वाहून जाते. गुरं पाला आवडीनं खातात, तेव्हा काट्यांचं कुंपण हवंच.

एक गोष्ट लागवड करणारे हमखास विसरतात. वाळुंजात नर झाड वेगळं, मादी वेगळी. एकाच झाडाच्या शंभर फांद्या लावल्या तर शंभरही नर किंवा शंभरही मादी, आणि त्या काठावर बी कधीच धरणार नाही. फांद्या तोडायच्या झाडांवर आदल्या हिवाळ्यात, तुरे आले असतानाच खूण करून ठेवावी: पिवळ्या पुंकेसरांनी भरलेला तुरा नराचा, हिरवा मादीचा.