तीव्र मानसिक आजारांचे अध्यापन

स्किझोफ्रेनिया (ज्यात भास आणि भ्रम होतात), बायपोलर विकार (कधी अतिउत्साह, कधी खोल नैराश्य), तीव्र नैराश्य यांसारखे आजार वैद्यक, परिचर्या, समाजकार्य आणि मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना समजावून देण्याच्या पद्धती. भास म्हणजे नसलेले ऐकू येणे किंवा दिसणे, भ्रम म्हणजे पुरावा देऊनही न हलणारी समजूत, हे विद्यार्थी लवकर पाठ करतो. ज्याला तो आवाज ऐकू येतो त्याचा दिवस कसा जातो, हे शिकवणे फार कठीण.

जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांच्या काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या सुरुवातीला, रुग्णाला व्याख्यानगृहात आणून सर्वांसमोर प्रश्न विचारले जात. पुढे १९०८ मध्ये स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द मांडला. त्याच्या ग्रीक मुळांचा अर्थ दुभंगलेले मन असा होतो. त्यावरून 'एका शरीरात दोन माणसे' असा गैरसमज पसरला आणि तो अजूनही खोडावा लागतो. जपानने तर २००२ मध्ये आजाराचे जपानी नावच बदलले.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया डीगन यांना किशोरवयातच स्किझोफ्रेनियाचे निदान झाले होते. त्यांनी तयार केलेल्या प्रशिक्षणात विद्यार्थी हेडफोनवर त्रासदायक आवाज ऐकत साधी कामे करतात. अशा प्रयोगांनी सहानुभूती वाढते. पण काही अभ्यासांत रुग्णांपासून अंतर राखण्याची इच्छाही वाढलेली दिसली. हेडफोन काढणाऱ्याला फक्त पहिला धक्का कळलेला असतो. त्या आवाजांसह जगायला शिकण्यात गेलेली वर्षे त्याला ठाऊक नसतात. म्हणून नंतरच्या सविस्तर चर्चेशिवाय हा प्रयोग करूच नये.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक कॉरिगन व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मानसिक आजारांविषयीचे पूर्वग्रह कमी करण्याच्या उपायांवरील ७२ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. प्रौढांचे पूर्वग्रह आजार अनुभवलेल्या व्यक्तीच्या भेटीने अधिक कमी झाले, किशोरांचे मात्र माहितीने. भेट कुठे होते हेही महत्त्वाचे. वॉर्डात आजार भरात असलेलेच रुग्ण दिसतात. औषधे घेत नोकरी करणारी, मुले वाढवणारी माणसे तिथे सहसा नसतात, आणि 'यातून कोणी बरे होत नाही' असा ग्रह विद्यार्थ्याच्या मनात घट्ट बसतो. बरी झालेली व्यक्ती शिक्षक म्हणून वर्गात आली, तर तो ग्रह सैल होतो. मात्र तिला मानधन द्यावे, आणि काय सांगायचे, काय नाही, हे तिनेच ठरवावे.

'हा मेंदूचा आजार आहे' एवढेच सांगितल्याने रुग्णाला दोष देणे कमी होते, पण सुधारणेबद्दलची निराशा वाढू शकते.

स्किझोफ्रेनियाची सुरुवात बहुधा किशोरवयाच्या शेवटी किंवा विशीत होते. म्हणजे समोर बसलेल्यांचेच वय. घरी आजारी भावंड किंवा आई असलेला विद्यार्थीही तिथे असू शकतो. मदत कुठे मिळेल, हे शिक्षकाने पहिल्याच तासाला सांगावे.