उंची चुकली, म्हणून जाडी कळली

पावसाळा लागला की कोल्हापुरात पंचगंगेची चौकशी फूट-इंचांत होते. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका. शाळकरी पोरालाही हे आकडे पाठ. नदीला हे जमतं, कारण तिचा तळ आपल्याला ठाऊक आहे. हिमनदीचा माथा तेवढा दिसतो. त्याखाली बर्फ साठ मीटर आहे की सहाशे, हे नुसतं बघून सांगता येत नाही, आणि ते कळल्याशिवाय तिच्यात पाणी किती साठलंय याचा हिशेबही लागत नाही.

आधी हे काम सुरुंगाने व्हायचं. बर्फात स्फोट करायचा आणि तळावरून उलटून येणारा हादरा किती वेळाने पोचतो ते मोजायचं. आल्फ्रेड वेगेनर यांच्या 1930-31च्या ग्रीनलंड मोहिमेत ही पद्धत वापरली गेली. पुढे 1949 ते 1952च्या नॉर्वे-ब्रिटन-स्वीडनच्या अंटार्क्टिका मोहिमेत गॉर्डन रॉबिन यांनीही तेच केलं. पद्धत भरवशाची, पण कूर्मगतीची: गाड्या थांबवा, भोकं पाडा, दारू ठासा, उडवा, आवरा, पुढे चला.

रेडिओ लहरी या गोष्टीत आल्या त्या एका तक्रारीमुळे. विमानातलं रडार उंचीमापक खाली लहर सोडतं, ती परत यायला लागलेल्या वेळावरून उंची सांगतं. जमिनीवर, समुद्रावर ते चोख चालायचं. जाड बर्फावर आलं की भलतंच काही दाखवायचं. कारण लहर बर्फाच्या माथ्यावरून परतण्याऐवजी आत शिरत होती आणि खालच्या खडकावर आपटून येत होती. त्यात भर म्हणजे हवेत मायक्रोसेकंदाला 300 मीटर जाणारी लहर बर्फात जेमतेम 168 मीटर जाते. म्हणजे हजार मीटर जाड बर्फ उंचीमापकाला जवळपास 1,800 मीटर हवेसारखा भासणार. वैमानिकाला वाटावं आपण चांगले उंचावर आहोत, आणि बर्फ पोटाखाली येऊन ठेपलेला.

अमेरिकी लष्कराच्या सिग्नल विभागातल्या अमोरी वेट यांनी 1957 मध्ये अंटार्क्टिकावर असंच उंचीमापक वापरून दाखवून दिलं, की लहर बर्फ भेदून तळ गाठते आणि परतही येते. पुढे 1962 मध्ये सहकाऱ्यासोबत त्यांनी शोधनिबंध छापला, त्याच्या शीर्षकात मात्र जाड बर्फावर उंचीमापकाच्या होणाऱ्या ढोबळ चुकांचाच उल्लेख होता. मला या शीर्षकाचं फार कौतुक वाटतं. एवढं मोठं घबाड हाती लागलेलं, आणि नोंद केली ती यंत्राच्या बिघाडाची!

बर्फ लहरींना वाट देतो हे पटत नसेल, तर फ्रीजरमधला तांबडा रस्सा मायक्रोवेव्हमध्ये ठेवून पाहा. कडेला चटचट उकळी फुटते आणि मधला गोळा थंडगार तसाच. पातळ पाणी त्या लहरी गटकन पितं, बर्फ त्यांना जवळपास सोडूनच देतो. दुसरा दाखला रसवंतीगृहात सापडेल. पोत्यात गुंडाळलेली बर्फाची लादी काचेसारखी असते, पण तिचा गाभा पांढुरका. तिथे अडकलेल्या हवेच्या बारीक बुडबुड्यांनी प्रकाश विखुरतो, म्हणून आरपार दिसत नाही. लहर काही मीटर लांबीची असली की असले बुडबुडे तिच्या खिजगणतीतही नसतात.

हे ओळखून केंब्रिजच्या स्कॉट ध्रुवीय संशोधन संस्थेत स्टॅन एव्हन्स यांनी 1963च्या सुमारास खास बर्फासाठी 35 मेगाहर्ट्‌झचं यंत्र बांधलं. तेव्हा संस्थेचे संचालक होते तेच सुरुंगवाले रॉबिन. 1967 पासून हे यंत्र विमानातून अंटार्क्टिकावर फिरू लागलं. 1979 पर्यंत ब्रिटिश, अमेरिकी आणि डॅनिश मंडळींनी मिळून सुमारे 4 लाख किलोमीटरची उड्डाणं केली. प्रतिध्वनी 35 मिलिमीटरच्या फिल्मवर उमटायचे. त्यात खडकाची वेडीवाकडी रेघ दिसे, वरती बर्फाचे थर, आणि मधेच कुठे तरी आरशासारखी सपाट, ठळक रेघ. एवढा गुळगुळीत तळ खडकाचा कसा असेल? ते पाणी होतं. 1973 मध्ये बर्फाखालच्या अशा 17 सरोवरांची यादी छापून आली. व्होस्टोक सरोवर सुमारे 250 किलोमीटर लांब आहे हे पक्कं व्हायला 1996 उजाडलं, आणि रशियन ड्रिल 3,769 मीटर खोल जाऊन त्याच्या पाण्याला लागलं ते 2012 मध्ये.

त्या जुन्या फिल्म अडगळीत गेल्या नाहीत. अलीकडे त्या स्कॅन केल्या गेल्या. त्यावरून दिसलं, की अंटार्क्टिकातल्या थ्वेट्स हिमनदीचा समुद्रावर तरंगणारा पूर्वेकडचा भाग 1978 ते 2009 दरम्यान 10 ते 33 टक्क्यांनी पातळ झाला. उपग्रहांच्या नोंदी एवढ्या मागे जात नाहीत.

आता आपल्या हिमालयाकडे येऊ. इथे गाडी अडते. अंटार्क्टिकाचा बर्फ कडक थंड, कोरडा. हिमालयातल्या अनेक हिमनद्यांचा बर्फ वितळण्याच्या उंबरठ्यावर, आत पाण्याच्या भेगा आणि पोकळ्या. लादीतल्या बुडबुड्यांनी प्रकाशाचं जे केलं, तेच या पोकळ्या 35 मेगाहर्ट्‌झच्या लहरीचं करतात. उपाय 1976 मध्ये अमेरिकी भूशास्त्रज्ञांनी मांडला: लहर आणखी लांब करा, म्हणजे तिची वारंवारता उतरवा, 10 मेगाहर्ट्‌झच्या खाली या. मग अँटेनाही लांबलचक लागते, आणि ती विमानाला अडकवण्यापेक्षा बर्फावर ओढत नेणंच सोपं पडतं.

30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून भारत-अमेरिकेचा निसार हा रडार उपग्रह सुटला तेव्हा बऱ्याच बातम्यांचा सूर असा होता, की आता हिमनद्यांचं सगळं कळणार. निसार दर 12 दिवसांनी तीच जागा पाहतो आणि बर्फ किती सरकला ते बारकाईने सांगतो. ढगांची त्याला पर्वा नाही. पण हिमनदीचा तळ तो पाहत नाही. जाडीचा अंदाज सरकण्याच्या वेगावरून गणिताने बांधावा लागतो, आणि गणित बरोबर आहे का हे ताडायला कुणीतरी प्रत्यक्ष मोजलेली जाडी हाताशी लागते.

अशी मोजणी हिमाचलच्या लाहौल-स्पितीतल्या छोटा शिग्री हिमनदीवर ऑक्टोबर 2009 मध्ये झाली. यंत्र 4.2 मेगाहर्ट्‌झचं. वरच्या अंगाला, 4,900 मीटर उंचीच्या आसपास, बर्फ 270 मीटर जाड निघाला. खाली 4,400 मीटरच्या आसपास 124.