क्रीडा समालोचकांचे हॉल ऑफ फेम

नभोवाणी व दूरचित्रवाणीवरून खेळांचे धावते वर्णन करणाऱ्या समालोचकांचा कायमस्वरूपी गौरव करणारी संस्था किंवा पुरस्कारपरंपरा. तिची जडणघडण मुख्यतः अमेरिकेत झाली.

थोरांची दालने उभारण्याची प्रथा काही जण म्यूनिकच्या रूमेसहालपर्यंत (१८५३) मागे नेतात. क्रीडाक्षेत्रापुरता मात्र न्यूयॉर्क विद्यापीठाने १९०० मध्ये स्थापलेल्या थोर अमेरिकनांच्या दालनाचा नमुना अधिक जवळचा वाटतो. कूपर्सटाउन येथील बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमचे पहिले मानकरी १९३६ मध्ये निवडले गेले व वास्तू १९३९ मध्ये खुली झाली. पिट्सबर्गच्या केडीकेए या नभोवाणी केंद्रावरून हॅरल्ड आर्लिन यांनी ५ ऑगस्ट १९२१ रोजी केलेले वर्णन हे व्यावसायिक बेसबॉलचे पहिले प्रक्षेपण मानले जाते. तरीही या दालनातर्फे समालोचकांना दिला जाणारा फोर्ड सी. फ्रिक पुरस्कार सुरू व्हायला १९७८ साल उजाडले. फ्रिक स्वतः आधी क्रीडापत्रकार व निवेदक आणि नंतर (१९५१–६५) बेसबॉलचे आयुक्त होते. मेल ॲलन व रेड बार्बर हे पहिले मानकरी.

पुरस्कारासाठी संघ किंवा प्रसारण-जाळ्याकडील किमान दहा वर्षांची सलग सेवा लागते. मानकऱ्याला दालनाचा सदस्य म्हणावे काय, हा मुद्दा वादाचा आहे. वृत्तपत्रे त्याला सर्रास ‘हॉल ऑफ फेमर’ म्हणतात, समालोचकांचा ‘कक्ष’ असल्याचेही लिहितात. प्रत्यक्षात खेळाडूंचे कांस्यफलक ज्या दालनात आहेत तेथे समालोचकांचे फलक नाहीत. त्यांची नावे पत्रकारांच्या नावांसोबत एका वेगळ्या प्रदर्शनात झळकतात. सदस्यत्व व पुरस्कार यांत संस्थाही भेद करते, तेव्हा ‘पुरस्काराचे मानकरी’ हेच वर्णन काटेकोर ठरते.

आद्य समालोचकांच्या बाबतीत अडचण निराळी आहे. १९२० च्या दशकातील ध्वनिमुद्रणे फार थोडी उरल्याने त्यांचे मूल्यमापन बरेचसे वृत्तपत्रीय उल्लेख व आठवणी यांवर विसंबते. १९२३ ची वर्ल्ड सिरीज (बेसबॉलची वार्षिक अंतिम मालिका) आपल्या वर्णनाने गाजवणारे ग्रॅहॅम मॅकनामी १९४२ मध्ये वारले. अमेरिकन स्पोर्ट्सकास्टर्स असोसिएशन या समालोचकांच्या संघटनेने आपल्या हॉल ऑफ फेमच्या १९८४ मधील पहिल्याच तुकडीत त्यांना घेतले, तर फ्रिक पुरस्कार त्यांना २०१६ मध्ये मिळाला. स्पॅनिश समालोचनाची दखल त्यामानाने लवकर घेतली गेली (बक कनेल यांना फ्रिक पुरस्कार, १९८५).

आइस हॉकीत फॉस्टर ह्यूइट (१९८४), अमेरिकन फुटबॉलमध्ये पीट रोझेल (१९८९) व बास्केटबॉलमध्ये कर्ट गाउडी (१९९०) यांच्या नावे असेच पुरस्कार सुरू झाले. २००७ पासूनच्या स्पोर्ट्स ब्रॉडकास्टिंग हॉल ऑफ फेमने निर्माते, दिग्दर्शक व तंत्रज्ञ यांनाही सामावून घेतले.

भारतात समालोचकाच्या गौरवाचे ठळक उदाहरण नागरी सन्मानांत आढळते : जसदेव सिंग यांना पद्मश्री (१९८५) व पद्मभूषण (२००८) मिळाले.