स्पर्शाद्वारे जोडीचे कारक अध्ययन

दोघांनी एकमेकांचे हात किंवा एकच दांडा, दोरी, ओझे धरलेले असताना जोडीदाराच्या ओढीतून व रेट्यातून हालचालीचे कौशल्य अंगवळणी पडणे. हालचालीच्या कौशल्याला मानसशास्त्रात कारक कौशल्य म्हणतात. येथे सूचना शब्दांनी मिळत नाही, हाताला जाणवते.

जाते हे याचे अस्सल उदाहरण. दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा धरतात. नवखी मुलगी आधी नुसताच हात ठेवते. जोर लावते तेव्हा तो बहुधा अवेळी लागतो. जात्याचा वरचा दगड अडखळतो, समोरचीच्या मनगटाला हिसका बसतो. मग ती अनुभवी बाई काही न बोलता आपली ओढ जरा लांबवते आणि मुलीचा हात त्या वळणातून आपसूक फिरून येतो. ओवीने लय धरली जाते. वळणावर जोर कुणी लावायचा हे मात्र खुंट्यावरच ठरते. फुगडीतही असेच. कोपर वाकले की तोल जातो, आणि तो आधी जोडीदारणीला कळतो.

काइल रीड, मायकेल पेश्किन आदींनी 2006 साली जवळजवळ अशीच मांडणी प्रयोगशाळेत केली. मध्ये पडदा, दोन बाजूंनी धरायचा एकच फिरता दांडा, बोलायला मनाई. जोडीचे काम एकट्यापेक्षा वेगाने झाले, तरी अनेकांना जोडीदार आडकाठीच वाटला. 2014मध्ये गौरीशंकर गणेश, आत्सुशी ताकागी, एत्येन बर्डे आदींनी दोघांच्या हातांतील यंत्रदांडे संगणकाने निर्माण केलेल्या लवचीक ताणाने मधूनमधून जोडले. पडद्यावरच्या सरकत्या लक्ष्याचा पाठलाग करताना सरस व्यक्तीचीही कामगिरी सुधारली, जोडीदार कच्चा असला तरी! त्यांच्या 2017च्या मांडणीनुसार, हाताला लागणाऱ्या बलावरून मेंदू जोडीदाराचा रोख ओळखतो आणि तो आपल्या अंदाजात मिसळतो.

जोड सुटल्यावर कौशल्य किती उरते, हा खरा वादाचा मुद्दा. 2014च्या प्रयोगात जोडीने सराव केलेले एकट्याने सराव करणाऱ्यांच्या पुढे गेले. 2020मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांना वेगळ्या कामात असा फायदा आढळला नाही. जोडीने छान जमणे आणि स्वतःला येणे यांत गल्लत करू नये.

पक्षाघातानंतर रुग्णाचा हात धरून व्यायाम करून घेणारे फिजिओथेरपिस्ट हेच फार पूर्वीपासून करत आले आहेत. कोपराखाली आधार देताना रुग्णाची बारीकशी स्वतःची हालचाल जाणवली, की ते तेवढ्यापुरता आपला हात सैल करतात.