आर्थर लिडियार्ड

आर्थर लिडियार्ड (६ जुलै १९१७ – ११ डिसेंबर २००४) हा न्यूझीलंडचा रनिंग कोच. मध्यम आणि लांब पल्ल्याच्या धावण्याचं आज जगभर जे ट्रेनिंग चालतं, म्हणजे आधी काही महिने भरपूर मायलेज (आठवड्याला पळायचं एकूण अंतर), मग चढ, मग ट्रॅकवरचं फास्ट काम आणि शेवटी रेसच्या तोंडावर हात आखडता, ती मांडणी बऱ्याच अंशी त्याची. कोचिंगची डिग्री नाही, स्पोर्ट्स सायन्सचा गंध नाही, पोटासाठी बुटांच्या फॅक्टरीत नोकरी, आणि तरी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याच्या तीन पोरांनी तीन मेडल्स आणली. लोकांना त्याच्याबद्दल सहसा एकच आकडा माहीत असतो, आठवड्याला १०० मैल (साधारण १६० किमी), आणि त्याच्या पद्धतीचं सगळ्यात जास्त नुकसान याच आकड्याने केलं.

जन्म ऑकलंडचा. तरुणपणी रग्बी खेळायचा, अधूनमधून धावायचा, आणि आपण फिट आहोत अशी त्याची पक्की समजूत होती. लिनडेल नावाच्या क्लबचे जॅक डोलन वयाने बरेच मोठे, त्यांनी एकदा त्याला पाच मैल पळवलं आणि याची पार वाट लागली. सत्ताविशीत ही हालत तर सत्तेचाळिशीत काय होणार, हा विचार त्याच्या डोक्यात बसला तो कायमचा. तेव्हा कोचिंगवर जी काही पुस्तकं मिळत होती ती वाचून त्याचं समाधान झालं नाही, मग त्याने स्वतःच्याच शरीरावर प्रयोग सुरू केले. कधी खूप कमी, कधी वेड्यासारखं जास्त, काही आठवडे तर २५० मैलांपर्यंत, कधी सगळं हळू, कधी सगळं दामटून, आणि काय केल्यावर अंगात काय होतं ते बघत राहायचं. नोकरी, बायकोपोरं सांभाळून हे सगळं वर्षानुवर्षं चाललं होतं. शेवटी तो ज्या निष्कर्षाला आला तो म्हणजे आठवड्याला साधारण १०० मैल, पण एक दिवस लांब, एक दिवस कमी, असं आलटून पालटून, आणि दमछाक होईल त्याच्या जरा अलीकडच्या वेगाने. यावर तो स्वतः १९५० च्या ऑकलंडच्या एम्पायर गेम्समध्ये (आजच्या कॉमनवेल्थ गेम्स) मॅरेथॉन धावला (तेरावा आला) आणि १९५३ आणि १९५५ मध्ये न्यूझीलंडचा मॅरेथॉन चॅम्पियन झाला. म्हणजे पोरांना जे सांगायचा ते आधी स्वतः भोगलेलं होतं.

पोरं त्याने कुठून निवडून आणली नाहीत, ती आपणहून त्याच्या मागे धावायला लागली. आधी लॉरी किंग, मग मरी हॅलबर्ग, बॅरी मॅगी, आणि १९५८ च्या सुमारास पीटर स्नेल नावाचा एक दणकट पोरगा जो तोवर टेनिसही चांगलं खेळायचा. ओवाइराका या उपनगरात लिडियार्डचं घर, तिथून रविवारी सगळे निघायचे ते वायटाकेरेच्या डोंगरातून वायटारुआला वळसा घालून परत, २२ मैल (३५ किमी), सगळा चढउतार. या रस्त्याला रनिंगच्या जगात आज तीर्थक्षेत्राचा मान आहे. यातली खरी खटकणारी गोष्ट अशी की स्नेल हा ८०० मीटरचा धावपटू. पावणेदोन मिनिटांत संपणाऱ्या रेससाठी दोन-अडीच तास डोंगरात पळवायचं, हे त्या काळच्या बहुतेक कोचना शुद्ध वेडेपणा वाटत होतं, कारण तेव्हा सगळीकडे इंटरव्हलचा, म्हणजे थोडं अंतर जोरात, मग जरा विसावा, असं पुन्हा पुन्हा पळण्याचा जमाना होता. जर्मनीत कोच गेर्शलर, चेकोस्लोव्हाकियात धावपटू झाटोपेक, ट्रॅकवर २०० आणि ४०० मीटरच्या रिपीटवर रिपीट. लिडियार्डचं उत्तर साधं होतं: ८०० मीटरवाल्याकडे एक लॅप पळण्याइतका स्पीड आधीच असतो, तो स्पीड दुसऱ्या लॅपमध्ये टिकत नाही हा प्रॉब्लेम आहे, आणि तो स्टॅमिनाचा प्रॉब्लेम आहे.

२ सप्टेंबर १९६० ला रोममध्ये याचं प्रॅक्टिकल झालं. अधिकृत टीमचा कोच म्हणून लिडियार्डची नेमणूकच झालेली नव्हती, अधिकाऱ्यांशी त्याचं फारसं कधी पटलंच नाही, जीभ तिखट आणि माघार घ्यायची सवय नाही. त्या दुपारी आधी स्नेल ८०० च्या फायनलला उतरला, त्याला बाहेर फार कोणी ओळखत नव्हतं, आणि शेवटच्या काही मीटरमध्ये वर्ल्ड रेकॉर्ड होल्डर रॉजर मून्सला गाठून त्याने गोल्ड घेतलं. तासाभराच्या आत ५००० ची फायनल. हॅलबर्गचा डावा हात लहान वयात रग्बीच्या अपघातात निकामी झालेला, तो तसाच अंगाशी धरून पळायचा. तीन लॅप बाकी असताना त्याने अचानक अशी मुसंडी मारली की मागच्यांना काय चाललंय ते कळायच्या आत मोठी गॅप पडली, मग शेवटचा लॅप त्याने अक्षरशः ओढत काढला, पण मागून कोणी पोचलं नाही. आठवड्याभराने मॅरेथॉनमध्ये मॅगीने ब्राँझ मिळवलं, त्याच मॅरेथॉनमध्ये अनवाणी धावलेला अबेबे बिकिला पहिला आला त्यामुळे मॅगीकडे साहजिकच फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. त्या वेळी न्यूझीलंडची लोकसंख्या २४ लाखांच्या आसपास होती, एकट्या मुंबईत याच्याहून कितीतरी जास्त माणसं राहत होती, आणि ही तिन्ही पोरं एकाच शहरात, एकाच माणसाच्या हाताखाली तयार झालेली.

पुढची दोन-चार वर्षं स्नेलची. २७ जानेवारी १९६२ ला वांगानुईत त्याने मैलाचा वर्ल्ड रेकॉर्ड केला, ३ मिनिटं ५४.४ सेकंद, आणि आठवड्याभरातच क्राइस्टचर्चला ८०० मीटर १ मिनिट ४४.३ सेकंदात, तेही गवताच्या ट्रॅकवर. ही ८०० ची वेळ न्यूझीलंडचा नॅशनल रेकॉर्ड म्हणून साठ वर्षांहून जास्त टिकली, यावरून काय ते समजा. १९६४ च्या टोकियोत त्याने ८०० आणि १५०० दोन्ही गोल्ड घेतली. एकाच ऑलिंपिकमध्ये हे दोन्ही जिंकणं त्याआधी १९२० मध्ये अल्बर्ट हिलला जमलं होतं. टोकियोच्या १५०० मध्ये ब्राँझ मिळालं ते जॉन डेव्हिसला, तोही लिडियार्डच्याच तालमीतला.

आता पद्धत नेमकी काय होती. लिडियार्ड रेसच्या तारखेवरून उलटा हिशोब करायचा. सगळ्यात आधी बेस, म्हणजे स्टॅमिनाचा पाया, शक्य तितके आठवडे, निदान दहा तरी. यातच ते १०० मैल येतात. त्यानंतर साधारण महिनाभर चढाचं काम, उड्या मारल्यासारखं गुडघे उचलत चढायचं, वर जरा जॉग करायचं, उतारावर मोकळं पळायचं, याने पायात ताकद येते आणि पुढच्या स्पीडवर्कला पाय तयार होतात. मग चारेक आठवडे ट्रॅकवर इंटरव्हल, म्हणजे ज्या इंटरव्हलला तो विरोध करायचा असं लोक समजतात ते त्याच्या प्लॅनमध्ये होतंच, फक्त त्याचं म्हणणं होतं की हे काम चार आठवड्यांत जेवढं द्यायचं तेवढं देऊन जातं आणि पुढे खेचलं की आधी कमावलेलंही घालवतं. त्यानंतर टाइम ट्रायल (घड्याळ लावून पूर्ण जोराने पळणं), छोट्या रेसेस, सगळं जुळवून आणायचं, आणि शेवटचे आठ-दहा दिवस हलकं राहून ताजंतवानं व्हायचं. एकदा पीक, म्हणजे सगळ्यात चांगला फॉर्म, आला की तो काही आठवडेच टिकतो, म्हणून तो नेमका कधी आणायचा हेच कोचचं खरं काम असं तो मानायचा. वर्षभर कायम फॉर्मात असलेला रनर ऑलिंपिकच्या दिवशी हरतो, आणि त्याचे रनर सीझनच्या सुरुवातीला कोणाकडूनही हरायचे पण फायनलला जिंकायचे, यात त्याला काही आश्चर्य वाटत नसे.

पण बाहेर पोचलं काय, तर १०० मैल. अमेरिकेत, युरोपात पोरांनी १०० चे १२० केले, वर्षभर तेच रेटलं, चढ आणि ट्रॅकचे टप्पे गाळले, आणि मग दुखापती झाल्या की लिडियार्ड चुकीचा. दुसरीकडे त्याच्या बेसला हळूहळू रमतगमत पळणं असं नाव पडलं, तेही खरं नव्हतं. त्याचं सांगणं असं की पळताना बोलता आलं पाहिजे, घरी आल्यावर अजून थोडं पळू शकलो असतो असं वाटलं पाहिजे, पण याचा अर्थ टंगळमंगळ नाही, त्याचे रनर वायटारुआचा रस्ता चांगल्या वेगाने कापायचे. आणि सकाळचं हलकं जॉगिंग तो या १०० मैलांत धरतच नसे, ते वेगळं. खरं सांगायचं तर एवढा बारकावा आकड्यात मावत नाही, म्हणून आकडा फिरला आणि बारकावा मागे राहिला.

त्याचं दुसरं काम मेडलवाल्यांशी संबंधित नाही, पण माझ्या मते ते जास्त मोठं आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने ऑकलंडमधल्या मध्यमवयीन, पोट सुटलेल्या, काही तर हार्ट अटॅक येऊन गेलेल्या लोकांना हळूहळू पळायला लावलं. तेव्हा हार्ट पेशंटला डॉक्टर पलंगावरून उठू देत नसत, त्यामुळे ही धाडसाची गोष्ट होती. १९६२ मध्ये ऑकलंड जॉगर्स क्लब निघाला, त्यात पुढे ऑकलंडचा महापौर झालेला कॉलिन के पुढाकाराने होता. त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकेतला ओरेगनचा नामांकित कोच बिल बॉवरमन न्यूझीलंडला आला, लिडियार्डने त्याला रविवारी या मंडळींबरोबर पळायला नेलं, आणि पन्नाशीतल्या बॉवरमनला सत्तरी ओलांडलेल्या, हार्ट अटॅकमधून उठलेल्या एका म्हाताऱ्याने मागे टाकलं, वर त्याच्या सोबतीला थांबून गप्पाही मारल्या. बॉवरमन घरी जाऊन तेच ओरेगनमध्ये सुरू करून बसला, १९६७ मध्ये त्याने यावर एका डॉक्टरसोबत पुस्तक काढलं, आणि तिथून अमेरिकेत जॉगिंगची लाट आली. हाच बॉवरमन पुढे नायकी झालेल्या कंपनीचा एक संस्थापक. वांद्र्याच्या जॉगर्स पार्कमध्ये सकाळी फेऱ्या मारणाऱ्या काकाकाकूंचा एक दूरचा धागा ऑकलंडच्या त्या क्लबपर्यंत जातो.

लिडियार्ड स्वतः मात्र घरी फार टिकला नाही. मेक्सिकोत कोचिंग केलं, आणि मग १९६७ पासून दीडेक वर्ष फिनलंडमध्ये. फिनलंड म्हणजे पावो नुर्मी या दिग्गज धावपटूचा देश, पण तोवर तिथलं रनिंग झोपलेलं होतं. तिथल्या कोच लोकांनी आधी कुरकुर केली, बर्फात एवढं कसं पळणार वगैरे, पण बऱ्याच जणांनी ऐकलं आणि आपापल्या पद्धतीने वापरलं. १९७२ च्या म्युनिकमध्ये लासे व्हिरेनने ५००० आणि १०,००० दोन्ही जिंकले, पेक्का वासालाने १५००. व्हिरेनचा कोच रोल्फ हायकोला होता, लिडियार्ड नव्हे, हे नीट सांगायला हवं, पण पाया कुठून आला ते फिनलंडनेही लपवलं नाही आणि त्याला देशाचा मोठा सन्मान दिला. न्यूझीलंडमध्येही पुढची पिढी, १९७६ ला १५०० चं गोल्ड घेणारा जॉन वॉकर, ५००० चं सिल्व्हर घेणारा डिक क्वाक्स, यांचे कोच वेगळे होते पण ट्रेनिंगचा गाभा तोच. १९९२ च्या बार्सिलोनात मॅरेथॉनचं ब्राँझ मिळवणारी लॉरेन मोलरही याच परंपरेतली.

बुटांच्या फॅक्टरीतला अनुभवही वाया गेला नाही, जर्मनीच्या ब्रूटिंग कंपनीसाठी त्याच्या नावाचे रनिंग शूज निघाले. १९६२ मध्ये ओबीई हा ब्रिटिश किताब आणि १९९० मध्ये ऑर्डर ऑफ न्यूझीलंड मिळाला, हा देशातला सर्वोच्च किताब, सहसा एका वेळी फक्त वीस हयात माणसांकडे असतो.

त्याच्या पद्धतीमागचं शास्त्र नंतर शोधलं ते त्याच्याच शिष्याने. स्नेल निवृत्तीनंतर अमेरिकेत गेला, एक्सरसाइज फिजिऑलॉजीत पीएचडी केली आणि डॅलसला संशोधन करत राहिला. त्याचं स्पष्टीकरण असं की खूप लांब पळताना आधी स्नायूंमधले स्लो फायबर काम करतात, त्यांच्यातलं ग्लायकोजेन (साठवलेलं इंधन) संपत आलं की एरवी फक्त वेगाच्या वेळी जागे होणारे फास्ट फायबर कामाला लागतात, आणि त्यांनाही सहनशक्तीचं ट्रेनिंग मिळतं. म्हणजे ८०० मीटरवाल्याला डोंगरात दोन तास पळवण्यात अर्थ होता, फक्त लिडियार्डला तो पायांनी कळला होता.

वयाच्या ८७ व्या वर्षीही तो अमेरिकेत गावोगावी लेक्चर देत फिरत होता, त्याच दौऱ्यात टेक्सासमधल्या ह्यूस्टन इथे ११ डिसेंबर २००४ ला त्याचं निधन झालं. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबई मॅरेथॉन पहिल्यांदा झाली होती. आता पुण्यामुंबईतले रनिंग ग्रुप जानेवारीच्या रेससाठी पावसाळ्यातच बेस बांधायला घेतात, रविवारी लाँग रन, मग हिल्स, मग टेम्पो (सलग, जरा वेगात पळणं) आणि इंटरव्हल, आणि शेवटी टेपर, म्हणजे रेसआधी काम कमी करणं, हा क्रम सांगणाऱ्या कोचला बहुतेक वेळा लिडियार्डचं नाव घ्यायची गरजही वाटत नाही.